बायकांच्या बाजूचा पडदा

मादनहळ्ळी, ता. अक्कलकोट
२ फेब्रुवारी २०२५

चि. शिवास अक्काचा आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतोस आन् मला निस्तं गुणगुण ऐकू येतं, म्हणून कागद घेतला. गुडघे हायत तसंच हायत. सून रुपाली चांगलं बघती. तुजं दात बसवून झालं का? न्हायतर बोळक्यानं शेंगाची चटणी कशी खातोस?

काम एकच हाय. सोलापुरात 'दोन आण्याचं आभाळ' म्हणून पिक्चर लागलाय म्हणं. जुन्या काळातला हाय, जत्रेतल्या तंबूचा. तू पेपरात पिक्चरवर लिहितोस, तर हा बघ आन् कसा वाटला ते मला कळीव. नीट बघ. शेवटपातूर बघ. तुजी सवय मला ठाऊक हाय.

आपल्या जत्रेत २० एप्रिलला पंचायत हाच पिक्चर दाखवणार हाय, माळावर पडदा लावून. मला थेटराचं जिनं चढवत न्हाईत, तवा मी तितंच बघणार. तवर तुज्याकडनं कळू दे.

तुजी अक्का,
बसम्मा


सोलापूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शरणार्थी, साष्टांग नमस्कार.

तुझी आज्ञा म्हणून शुक्रवारी दुपारचा खेळ बघितला. आयुष्यातले दोन तास बावीस मिनिटं तुझ्या नावावर टाकलेत, हे लक्षात ठेव.

पुण्या-मुंबईच्या पेपरांनी या पिक्चरवर चार-चार तारे उधळलेत. 'मनाला ऊब देणारा.' 'हसता हसता डोळे पाणावतात.' 'आजी-आजोबांना घेऊन बघा.' अगं, ऊब पाहिजे असेल तर माणसानं घोंगडं घ्यावं, तिकीट कशाला काढावं? माझ्या शेजारी एक बाई बसली होती, ती मध्यंतराच्या आधी तीनदा रडली आणि पाच वेळा हसली. रडताना हातातला मक्याच्या लाह्यांचा डबा काही तिनं खाली ठेवला नाही.

गोष्ट १९६६ सालची, आपल्या अक्कलकोटकडच्या खेड्यातली म्हणे. बायका कडक इस्त्रीची इरकल नेसून पाणी भरतात. शेळ्या शाम्पूनं धुतलेल्या. चैत्रातल्या जत्रेत मागे ज्वारी हिरवीगार डुलते! आपल्याकडे तोवर कणसं खुडून कडब्याच्या गंजीसुद्धा लागलेल्या असतात. माणसं बोलतात कोल्हापूरचं, आणि अख्ख्या गावात एकाला कन्नडचा एक शब्द येत नाही. नावापासूनच बोंब आहे. सहासष्ट साली आणे होते कुठे? नवे पैसे येऊन नऊ वर्षं झाली होती.

सदराचं कात्रण सोबत जोडलंय, तरी तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून मुख्य भाग इथे उतरवतो:

'चित्रपटाची नायिका रत्ना. जत्रेत तंबू येतो. लेखिकेच्या मते तंबूच्या मधोमध पडदा असे, पुरुष पुढे आणि बायका पडद्याच्या मागे बसत. त्यामुळे बायकांना सगळं उलटं दिसे, आणि ही रत्ना म्हणे पडद्यावरची उलटी अक्षरं वाचून बायकांना सांगत असे! प्रस्तुत लेखकाने त्या भागातल्या जत्रा लहानपणी पुढे बसून पाहिल्या आहेत. असला प्रकार तिथे कधी नव्हता आणि असली मुलगीही नव्हती. पुण्यातल्या पंख्याखाली बसून सुचलेलं हे खेडं आहे. कळस म्हणजे रत्नाचा धाकटा भाऊ गुंड्या. तो बहिणीची खोटी चहाडी बापाला सांगतो. असा भाऊ या मातीत होणे नाही. खलनायक मिळाला नाही की पोरांच्या माथी दोष मारायचा, ही या गोडबोल्या पिक्चरवाल्यांची जुनी खोड आहे.'

कसं वाटलं? संपादक खूश आहेत.

शेवटपर्यंत बसलो. नावं सुरू झाल्यावर मात्र उठलो. ती यादी मी कधीच वाचत नाही. सुताराचं नि चहावाल्याचं नाव वाचायला कोण थांबतं?

तुझा,
शिवानंद


मादनहळ्ळी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. शिवास आशीर्वाद.

कात्रण मिळालं. आदी रुपालीनं वाचून दावलं, मग मी सोताच वाचलं. दोनदा वाचलं.

शेळ्यांचं नि ज्वारीचं बरोबर लिहिलंस. पिक्चरवाल्यांना चैत्रात हिरवं रान कुटनं गावलं त्यांचं त्यांनाच ठाऊक. पर आण्याचं तुजं चुकलं. नवे पैसे आले तरी लोक दोन आणे, चार आणेच म्हणायची की. अप्पा तर मरंपातूर आण्यातच बोलले. तू शाळेत नवे पैसे शिकलास म्हणून बाजारानं तुजं ऐकलं व्हय?

मला दोन गोष्टी इस्कटून लिही. बायका मागं बसत नव्हत्या असं लिहिलंस, तर तू मागं कदी आला हुतास? आन् त्या भावाचं पुन्यांदा लिही. तो तुला खोटा का वाटला? शेवटी तो माफी मागतो म्हणं. ते कसं वाटलं?

मी जत्रंत बघणारच हाय, पर आदी तुज्याकडनं ऐकायचंय.

अक्का


सोलापूर
२७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शरणार्थी.

तुला या पिक्चरचं एवढं काय पडलंय मला समजेना. पण विचारलंस तर ऐक.

मागे मी कशाला जाऊ? मागे काय असतं? बांबू, दोऱ्या आणि लघवीचा वास. पिक्चर पुढून बघायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या सदराचं नावच 'पहिल्या रांगेतून' आहे, उगाच नाही ठेवलं. आणि समजा बसल्या असतील चार बायका मागे, तर काय झालं? त्यावर अडीच तासाचा पिक्चर काढायचा?

आता तो भाऊ. बारा वर्षांचं पोरगं कारण नसताना बहिणीवर आळ घेतं. का? लेखिकेला माहीत नाही. तोंडाला गूळ फासलेला, चड्डीतून शर्ट बाहेर आलेला, प्रेक्षकांनी हसावं म्हणून चालताना दोनदा पडणारा. हा माणूस नाही, बाहुलं आहे. आणि शेवटी पांढरे केस लावून येतो, बहिणीच्या पाया पडतो, मागून बासरी वाजते! अक्का, साठ वर्षांनी कुणी माफी मागत नसतं. माणसं विसरतात, किंवा विसरल्याचं दाखवतात. तेवढा एक प्रसंग बघून मला शिसारी आली.

परीक्षणावर बावीस पत्रं आलीत. तीन शिव्यांची, बाकी कौतुकाची. एका वाचकानं लिहिलं की बायका मागे बसायच्या, आपल्या आईनं सांगितलंय. मी या रविवारी सदरात उत्तर दिलं, पुरावा आणा, मी लेखणी खाली ठेवतो. आईनं सांगितलं हा काय पुरावा झाला?

तुझा,
शिवानंद


मादनहळ्ळी
१२ मार्च २०२५

शिवा,

लई दिस लिहिलं न्हाय.

काल सरपंच बापूसाहेब आलते. चा पण घेतला न्हाय. हातात तुजा पेपर. म्हणाले, "बसम्माक्का, तुमच्या सख्ख्या भावानंच लिहिलंय की, असं काय कदी नव्हतंच म्हणून. गावची माणसं इचारायल्यात. पत्रिकेत तुमचं नाव छापून आमी हसं का करून घ्यावं? पिक्चर रद्द करायलोय." माजं कोण ऐकणार? माजा भाऊ सोलापूरचा मास्तर, पेपरात लिहिणारा. मी सातवी नापास बी न्हाय, सातवीला बसलेलीच न्हाय.

आता तुला कळू दे. जत्रेच्या पत्रिकेत छापणार हुते, 'ही गोष्ट आपल्याच गावच्या बसम्मांची.' दोन सालामागं दिपाली म्हणून एक पोरगी पुण्यास्नं आलती. पिक्चर लिहिणारी. तंबूवाल्यांची माहिती काढत गावोगाव फिरत हुती. आठ दिस माज्याकडं ऱ्हायली. मी तिला सगळं सांगितलं. पिक्चर संपल्यावर जी नावं येत्यात त्यात माजं हाय म्हणं. तू तवाच उठलास.

ती रत्ना मी हाय, शिवा.

तंबू आपल्याच खळ्यावर पडायचा. मधी पडदा, मशीन पुरुषांच्या अंगाला. पडद्यावर पाणी मारायचे म्हणजे मागं उजळ दिसायचं. आमाला सगळं उलटं. हिरो डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं कुंकू लावायचा. तानाबाई म्हातारी तर थुंकायचीच, म्हणायची, एवडा देखणा गडी आन् वळण न्हाय. पुढं लग्न झाल्यावर अक्कलकोटात थेटरात गेले तर तोच हिरो उजव्या हातानं जेवायला. मला वाटलं कुणीतरी ह्याला शिकिवलं. दोन दिस मी सगळ्यांना सांगत फिरले की गडी सुदारला म्हणून.

पडद्यावर चिठ्ठी आली, पाटी आली, की आमच्या अंगाला अक्षरं उलटी. बायकांना सुलटी बी येत नव्हती, ते सोड. मला उलटी वाचता यायला लागली. मी मोठ्यानं वाचायची आन् चारशे बायका गप ऐकायच्या. तंबूवाले हुसेनभाई म्हातारे हुते, अप्पापेक्षा मोठे. म्हणाले, "बेटी, तू यहींच बैठ, औरतां को पढ के बोल, तेरे कू टिकट नको." बारा दिस मी रोज बसले. पडद्याच्या खांबाजवळ. मला वाटायचं मीच पिक्चर दावतीय.

बाराव्या दिवशी तू अप्पांना सांगितलंस, अक्का तंबूवाल्याच्या पोराच्या मांडीला मांडी लावून बसती. तू पडद्याच्या पुढं हुतास. मागचं तुला दिसतच नव्हतं. तरी मी बघितलं म्हणालास.

सातवीची फायनल नऊ दिवसावर आलती. पास झाले असते तर मास्तरीण झाले असते, मोठ्या गुरुजींनी अप्पांना तसं सांगितलं बी हुतं. अप्पांनी दप्तर चुलीत घातलं आन् वैशाखात सिद्धराममामाच्या गळ्यात मला बांधलं. अव्वाचाच भाऊ, चौतीस वर्षाचा. मामा वाईट नव्हते. पर मला मास्तरीण व्हायचं हुतं. मास्तर तू झालास.

पिक्चरात रत्ना मास्तरीण हुती, ते त्या पोरीनं घातलं. लोकांना घरी हसत जायचं असतं आज्जी, म्हणाली. माफीचं मात्र मी घालायला सांगितलं. बाकी घडलेलं हाय, ह्या दोनच गोष्टी खोट्या. माफीच्या बाबतीत तुजी परीक्षा अगदी बरोबर उतरली.

बसम्मा


सोलापूर
१८ मार्च २०२५

ती. अक्कास,
शरणार्थी.

तुझं पत्र वाचून थक्क झालो. तुझा गैरसमज झालेला दिसतो.

मी पिक्चरवर लिहिलं, तुझ्यावर नाही. ती तूच आहेस हे मला आधी सांगितलं असतंस तर मी लिहिलंच नसतं. तू मला परीक्षेला बसवलंस आणि प्रश्नपत्रिका लपवलीस. हे बरं नव्हे. आणि घरातली जुनी दुखणी पुण्याच्या पोरीपुढे उघडी करायची, तिनं त्यावर गाणी रचायची आणि परक्या लोकांनी पैसे मोजून हसायचं, याला मी कला म्हणत नाही. कुणीही म्हणू नये.

तू लिहिलेलं मला काही आठवत नाही. मी बारा वर्षांचा होतो. बारा वर्षांच्या पोराच्या तोंडी बोलण्यावर लग्नं ठरतात का? मामाचं आणि तुझं लग्न अव्वाच्या मनात आधीपासून होतं. आपल्याकडे मामाला पोरगी देतातच. तू उगाच सगळं एका माणसावर ढकलतेस.

तरीही तुला गावात त्रास नको म्हणून मी बापूसाहेबांना फोन करतो. त्यांना सांगतो की अक्काचं वय झालंय, जुन्या आठवणींत थोडं इकडचं तिकडे होतं, सांभाळून घ्या. ते समजूतदार गृहस्थ आहेत.

तुझा,
शिवानंद


मादनहळ्ळी
२५ मार्च २०२५

शिवा,

बापूसाहेबांनी तुजा फोन आमच्या कट्ट्यावरच घेतला, आवाज मोठा करून. रुपालीनं ऐकलं, शेजारच्या काशम्मानं ऐकलं. अक्काचं डोकं आता ठिकाणावर नसतं म्हणालास.

तवा अप्पांकडं गेलास, आता सरपंचाकडं. साठ वर्षं झाली, तुजी रीत बदलली न्हाय. माज्याबद्दल काय बोलायचं असलं की मला सोडून दुसऱ्या गड्याजवळ जातोस.

आटवत न्हाय म्हणतोस. बरं हाय. मला मात्र तू तवा कुटला सदरा घातलावतास ते बी आटवतं.

आता पत्र टाकू नकोस. रुपालीला सांगितलंय, आलं तर फोडू नको.

बसम्मा


सोलापूर
८ एप्रिल २०२५

ती. अक्का,

नको म्हणालीस तरी टाकतोय. फोडलं नाहीस तर रुपालीनं फोडावं. कात्रण तरी बघ.

मी परत त्या थेटरात गेलो. या खेपेला तिकीट काढून. एकतीस वर्षं पासावर बघतोय, खिडकीवरची पोरगी मला ओळखून हसायला लागली. आत आम्ही अकरा जण होतो आणि दोघं झोपलेले. पिक्चर दुसऱ्यांदा बघताना अजूनच भिकार वाटला. गाणी तर ऐकवत नाहीत. पण शेवटी मी बसून राहिलो. सुतार गेला, चहावाला गेला, शेळ्या पुरवणारा गेला, आणि मग आलं, 'ज्यांच्यामुळे ही गोष्ट आहे : श्रीमती बसम्मा सिद्धराम, मादनहळ्ळी'. झाडूवाला म्हणाला, काका, संपलं, उठा आता.

हे रविवारच्या अंकात, माझ्याच सदरात आलंय:

'चूकदुरुस्ती. "दोन आण्याचं आभाळ"च्या परीक्षणात आम्ही लिहिलं होतं की तंबूत बायका पडद्यामागे बसत नसत. बसत असत. उलटी अक्षरं वाचणारी मुलगी त्या भागात नव्हती, असंही लिहिलं होतं. ती होती. ती आजही मादनहळ्ळीत राहते आणि तिची स्मरणशक्ती प्रस्तुत लेखकापेक्षा चांगली आहे. असा भाऊ या मातीत होणे नाही, असं लिहिलं होतं. तो झाला. लहान वयात, अजाणतेपणी, त्याने वडिलांना बहिणीबद्दल खोटं सांगितलं आणि तिचं शिक्षण सुटलं. सदर भाऊ आज एकाहत्तर वर्षांचा असून हे सदर लिहितो. त्याबद्दल तो बहिणीची माफी मागतो. चित्रपटाबद्दलचं आमचं बाकीचं मत कायम आहे. — शिवानंद बिराजदार.'

संपादक तयार नव्हते. म्हणाले, सर, इथे नटाचं नाव चुकलं तर दुरुस्ती छापतात, घरचं धुणं धुवायची ही जागा नव्हे. मी म्हणालो, छापा, नाहीतर सदर बंद.

बापूसाहेबांना अंक रजिस्टर पोस्टानं पाठवलाय. फोन केला नाही.

तुझा,
शिवा


मादनहळ्ळी
१४ एप्रिल २०२५

शिवा,

फोडलं.

पत्रिकेत माजं नाव छापलं. पिक्चर हाय, २० तारखेला दिवेलागणीला. बापूसाहेब आले, या खेपेला दोन कप चा प्याले. तुजं कात्रण पंचायतीच्या फळ्यावर लावलंय. लोक येऊन वाचायल्यात. कोंडीबा म्हणाला, मास्तरनं सोताची लई धुतली. मी म्हणाले, अजून मळ हाय.

तू मला पाठिवलेलं कात्रण परत धाडलंय. नातीच्या दप्तरातला लाल बॉलपेन घेऊन तपासलंय. मास्तरीण झाले असते तर असंच तपासलं असतं.

'अजाणतेपणी' खोडलंय. तू बारा वर्षाचा हुतास, तुला सगळं कळत हुतं. परीटघडीचा शब्द घालून मधनं निसटायचं न्हाय. 'शिक्षण सुटलं' याच्याखाली रेघ मारलीय. ते आपआपलं सुटलं न्हाय. शेवटी आपलं मत कायम हाय असं लिहून मान वर काडलीस, त्याचं बी मार्क कापलंय. आन् सगळ्यात मोठं, का सांगितलंस ते लिहिलंच न्हाईस. पिक्चरातल्या पोरावर तूच लिहिलावतास की, कारण न्हाय म्हणून ते बाहुलं वाटतं. मग तुजं कारण कुटं हाय?

दहापैकी तीन दिलेत. नापास.

बसम्मा


सोलापूर
२३ एप्रिल २०२५

अक्का,

मी आलो होतो.

तुला कुणी सांगितलं की नाही माहीत नाही. दुपारच्या एस.टी.नं उतरलो आणि ओढ्याकडनं आलो, कुणी बघू नये म्हणून. तुला पुढे खुर्ची दिली होती, गळ्यात हार, शेजारी बापूसाहेब. दिपाली म्हणून ती पोरगी तुझ्या पायाशी बसली होती. मी पुढे यायला निघालो आणि अर्ध्यातून वळलो. मग पडद्याच्या मागे गेलो. जनरेटर ठेवला होता तिकडे, कडब्याच्या पेंढीवर बसलो. मागे दुसरं कुणी नव्हतं.

पडदा नव्या कापडाचा, मागून फिक्का दिसायचा. पण दिसायचं. हिरो डाव्या हातानं जेवत होता. खरंच सांगतो, मला क्षणभर तानाबाई म्हातारीसारखी शिसारी आली, आणि मग मी एकटाच हसलो. रत्ना चिठ्ठी वाचते तो प्रसंग आला आणि चिठ्ठी पडद्यावर मोठी झाली, तेव्हा मी ती वाचायला बघितली. आयुष्यभर मराठी शिकवलं, हजारो पोरांची गचाळ अक्षरं लावली. मला पहिली ओळसुद्धा लागली नाही. पुढून माणसं हसली, टाळ्या वाजल्या, मला कळेना का ते.

शेवटी नावं आली. तुझं नाव मी आधी एकदा वाचलेलं, कुठे येणार तेही ठाऊक होतं. तरी ब कुठला नि म कुठला हे लावेपर्यंत वर सरकून गेलं. पुढे सगळं गाव ओरडलं, तेव्हा कळलं की आलं होतं. तू पंधरा वर्षांची असताना हे घडाघडा वाचत होतीस, आणि मी पेपरात लिहिलं की असली मुलगी नव्हती.

आता कारण. खोडायला काही ठेवत नाही.

मला सगळं आठवतं. मार्चमधल्या पत्रात आठवत नाही म्हणालो ते खोटं. अप्पांनी मला पंधरा दिवसांत दोनच पिक्चरचे पैसे दिले होते. बाकीचे दिवस मी पडद्याच्या पुढेही नव्हतो, तंबूच्या बाहेर, कनातीला कान लावून उभा असायचो. आणि तुझा आवाज ऐकू यायचा. आत बसून, फुकट, रोज, तू वाचायचीस आणि सगळ्या बायका तुझं ऐकायच्या. माझं कुणी ऐकत नव्हतं. अब्रूबिब्रू काही नव्हतं माझ्या डोक्यात. मला आत घेत नव्हते म्हणून तुला बाहेर काढलं. एवढंच. मांडीला मांडी ही मी रचलेली गोष्ट. माझं पहिलं परीक्षण म्हण, न बघता लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी तुझी जागा रिकामी झाली तरी मला कुणी आत घेतलं नाही. त्या संध्याकाळी पडद्यावर चिठ्ठी आली तेव्हा मागे कुणी वाचलं नाही. बायका ओरडत होत्या, 'बसू कुटं गेली, काय लिहिलंय सांग की.' मी बाहेर उभा राहून ऐकलं. नंतर मी फुकट पिक्चर बघायचीच नोकरी धरली आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कष्टावर थुंकलो. लोकांना वाटतं मी कडक आहे. मी हलकट होतो, अक्का. बाराव्या वर्षी होतो आणि मार्चमध्ये बापूसाहेबांना फोन केला तेव्हाही होतो.

तुझी परीक्षा मी बुडवली. अप्पांनी नाही, अव्वानं नाही, मामांनी नाही. मी. मला माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणतो.

पिक्चर वाईटच आहे. बासरी तर फारच वाईट. पण त्या पोरीला सांग, तो माफीचा प्रसंग मी खोटा म्हटलं होतं, ते मागे घेतो.

शिवा


मादनहळ्ळी
३० एप्रिल २०२५

चि. शिवास अक्काचा आशीर्वाद.

तू आलावतास ते मला तवाच कळलं. पडद्यावर सारखी एका टकल्या डोक्याची सावली पडायली हुती, जनरेटरच्या उजेडात. बापूसाहेब उठवायला निघालेवते. मी म्हणाले, बसू द्या, त्याला तिकडनंच बघू द्या.

पिक्चर मला बी लई आवडला न्हाय. ती रत्ना फारच लाजती. मी तशी नव्हते. आन् बासरीचं तू बरोबर लिहिलंस.

पत्र लाल पेन घेऊन वाचलं. दोनदा वाचलं. या खेपंला खोडण्यासारखं काय सापडलं न्हाय.

सा मार्क दिलेत. पास झालास. जेवायला ये, पुढच्या दारानं ये. बाकीचे चार मात्र माज्याकडंच ऱ्हाऊ दे.

बसम्मा